अक्षराआधी सावली

ठळकरावांचं खरं नाव बाजारात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही ते वापरत नसत. माणूस दुकानांचे बोर्ड रंगवणारा, आणि अक्षर काढणार ते असं जाडजूड, की समोरच्या फुटपाथवरच्या चष्मेवाल्याला चष्मा काढूनही वाचता यावं. त्यांचं सगळंच ठळक होतं. मिशी ठळक, आवाज ठळक, आणि राग तर या दोहोंपेक्षा ठळक. पत्र्यावर खडूने रेघ मारली, की त्या रेघेवर कुणी शंका घेतलेली त्यांना खपत नसे. गिऱ्हाइकं हे जाणून होती. ती शंका घ्यायला दुपारी यायची, कारण दुपारी ठळकराव झोपलेले असत आणि दुकानात काकू असत.

काकू म्हणजे ठळकरावांची बायको. अख्खा बाजार त्यांना काकू म्हणे, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला न्हावीसुद्धा. लग्न होऊन आल्या त्याच हंगामात ठळकरावांनी हाताशी नसलेला वेळ गृहीत धरून बोर्डांची कामं घेऊन ठेवली होती, आणि मग घोडं अडलं तेव्हा नव्या नवरीच्या हातात बारीक ब्रश दिला. अक्षरं मी काढतो, म्हणाले, तू नुसती खालून आणि उजवीकडून काळी सावली घाल. काकूंनी घातली. दुसऱ्या दिवशी ठळकरावांनी रस्त्यात उभं राहून बोर्ड बघितला, तर अक्षर पत्र्यावरून उठून दोन बोटं पुढे आलेलं. तेव्हापासून ठळकरावांच्या एकाही बोर्डाची सावली ठळकरावांनी घातली नाही.

काकूंची एक पद्धत होती. लाल किंवा निळी अक्षरं वाळली, की त्या पत्रा खालचा वर करून ठेवत आणि उलट्या अक्षरांना सावली घालत. अक्षर सुलट असलं की मन ते वाचत बसतं, असं त्यांचं म्हणणं, आणि वाचणाऱ्याचा हात चुकतो. उलटं ठेवलं की वाचायला काही उरत नाही, नुसत्या कडा दिसतात. त्यामुळे व्हायचं असं, की गावातल्या निम्म्या दुकानांची नावं काकूंनी आपल्या हाताने उठावदार केली होती, पण करताना एकही वाचलं नव्हतं.

“अक्षर आधी, सावली मागून,” हा दुकानाचा नियम ठळकराव गिऱ्हाइकाला ऐकवत. “पुढचं काम माझं, मागचं हिचं.” हे ते कौतुकाने म्हणत आणि काकू कौतुक म्हणूनच घेत. दोघांचं बरं चाललं होतं. लेक परगावी नोकरीला होती, रविवारी फोन करायची. संध्याकाळी दुकानापुढे दोन खुर्च्या टाकून दोघं समोरच्या दुकानांचे बोर्ड बघत बसत आणि दुसऱ्या पेंटरांच्या कामाची मनसोक्त निंदा करत. यापेक्षा जास्त सुख काकूंनी कधी मागितलं नव्हतं, आणि हे सुख आहे हे त्यांना कळतही होतं.

अशात दिवेवाला आला.

तो बारीक अंगाचा, सतत घड्याळ बघणारा माणूस होता आणि त्याला कोणतीही गोष्ट ठरवता येत नसे. चहा घेणार का विचारलं तरी आधी रस्त्याकडे बघून विचार करायचा. दिव्यांचं नवं दुकान काढत होता. झुंबरं, टेबलावरचे दिवे, भिंतीवरचे दिवे. दुकानाचं नाव ‘उजेड’, एवढं मात्र त्याने ठरवलं होतं. खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्याने ठळकरावांपुढे धरला. त्यावर ‘उजेड’ असं छापलेलं होतं, चांगलं जाड, गोलमटोल, आणि खाली उजवीकडे सावली.

“असं पाहिजे,” तो म्हणाला. “याला रेट्रो म्हणतात. सध्या याचीच चलती आहे.”

ठळकरावांनी रेट्रो म्हणजे काय ते विचारलं. जुन्या वळणाचं, असं उत्तर मिळालं. कुणी काढलंय हे विचारलं, तर म्हणे कुणी नाही, फॉन्ट आहे, नाव टाइप केलं की सावलीसकट उमटतं. ठळकरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग उन्हात धरला. त्यांचा चेहरा बघून काकूंच्या लक्षात आलं, की यांच्या कुठेतरी वर्मी लागलंय. ज्या वळणाचं अक्षर हा माणूस त्याच दिवशी सकाळपर्यंत काढत होता, ते कुणीतरी जुनं ठरवून, वर त्याची फॅशनही करून, त्याला परत आणून दाखवलं होतं.

रविवारी लेकीने फोनवर समजूत घालायचा प्रयत्न केला. असे फॉन्ट काही आभाळातून पडत नाहीत, ती म्हणाली, कुणीतरी जुने बोर्ड बघत गावोगाव हिंडतो, मग एकेक अक्षर बसून काढतो. “कुणी सांगावं, बाबांचाही बोर्ड बघितला असेल त्याने.” पोरीने हे मायेने सांगितलं होतं. पण ठळकरावांचा तिळपापड झाला, कारण आता चोरीही झाली होती आणि चोर सापडण्यातला नव्हता.

तरी काम त्यांनी घेतलं. पत्र्याला पांढरा रंग दिला, खडूने ‘उजेड’ आखलं आणि ‘उ’ लाल भरून टाकला. दिवेवाला रोज यायचा, कागद पत्र्याला लावून बघायचा. शिरोरेषा कागदावर जरा जाड आहे. मात्रा तिथे अशी मुरडलेली नाही. लाल बरा की पिवळा बरा, का निळाच करावा. ठळकरावांनी आयुष्यात दाखवला नसेल एवढा संयम त्या आठवड्यात दाखवला. पुढच्या सोमवारी दिवेवाला काकूंकडे वळला आणि म्हणाला, “काकू, तुम्हीच सांगा. कागदावरचं चांगलं का हे चांगलं?”

काकूंना खोटं बोलता येत नसे असं नाही. गिऱ्हाइकाशी त्या रीतसर बोलत. पण सावलीचा विषय निघाला की त्यांचं तोंड सरळ मनाशी जोडलेलं असे. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, नीट बघितला आणि म्हणाल्या, कागदावरचं अक्षरही काही वाईट नाही हो, सावली तर बेतशीर घातलीय अगदी.

ठळकराव ओरडले असते तर काही बिघडलं नसतं. ते ओरडले की काकू निर्धास्त असत. पण त्यांनी टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून पत्र्यावरचा लाल ‘उ’ घासून काढला, मग ओल्या फडक्याने खडूची आखणी पुसली, वर पांढऱ्याचा हात देऊन पत्रा पांढराफटक केला. ब्रश धुऊन जागेवर ठेवले. मग पिशवी भरली आणि दारात उभं राहून काकूंना म्हणाले, “मग तो कागदच लाव दुकानावर. मी ताईकडे जातोय.”

दिवेवाला इतका घाबरला की घड्याळ बघायचंही विसरला. शुक्रवारी दुकान उघडायचं होतं, बोलावणी गेली होती. गुरुवारपर्यंत बोर्ड झाला नाही तर छापील फ्लेक्स करून घ्यावा लागेल, त्याच फॉन्टात, असं तो खाली मान घालून म्हणाला. माझा नाइलाज आहे काकू, असंही म्हणाला.

पैसाअडक्याची काकूंना फिकीर नव्हती, दोघांना पुरेल एवढं होतं. त्यांना भीती वाटली ती ठळकरावांची. बाजाराच्या मुख्य चौकात त्या फॉन्टचा फ्लेक्स लागला, तर हा माणूस तोंडाने काही म्हणणार नाही, पण पुन्हा ब्रश उचलणार नाही. अलीकडे “आता बास करावं” असं ते अधूनमधून म्हणायला लागलेच होते. मग घरात बसतील, पंख्याकडे बघत, आवाज बारीक करून. आणि अक्षर थांबलं म्हणजे सावलीही थांबली, हे काकूंना त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी नणंदेला फोन लावला. वन्सं वैतागलेल्याच होत्या. आला तो आला, म्हणाल्या, आणि न विचारता माझ्या कपाटाच्या दारांना रंग द्यायला बसलाय. घेऊन जा बाई तुझं रत्न. काकूंनी ठळकरावांना फोनवर बोलवायला सांगितलं. थोड्या वेळाने वन्संच परत आल्या. निरोप असा होता, की मला कशाला विचारते, फॉन्टला विचार म्हणावं.

फोन ठेवून काकू दुकानात येऊन बसल्या. पांढरा पत्रा भिंतीला टेकून उभा होता. एकदा मनाशी हिय्या करून त्यांनी खडू उचलला आणि ‘उ’ काढला. तो पहिलीतल्या पोराने पाटीवर गिरवावा तसा आला. ‘जे’ तर उभाच राहीना, मात्रेच्या ओझ्याने एकीकडे कलला. इतकी वर्षं नवऱ्याच्या अक्षराला लागून राहूनही आपल्याला एक अक्षर काढता येत नाही, याचं त्यांना हसू आलं, मग थोडं वाईटही वाटलं. त्यांनी ते पुसून टाकलं.

मग त्यांना एक व्यावहारिक विचार सुचला. लाल रंग झटपट वाळतो. वेळ खातो तो काळा, कारण दुकानाचा काळा त्या स्वतः दाट कालवत आणि तो वाळता वाळत नसे. काळा आधी होऊन गेला, तर ठळकराव अगदी शुक्रवारी सकाळी आले तरी उभ्या उभ्या लाल भरून देतील, आणि भरल्याशिवाय त्यांना राहवणार नाही. म्हणजे त्यांची जागा राखून ठेवायची, इतकंच. अक्षराआधी सावली घालायची हे दुकानाच्या नियमाविरुद्ध होतं. पण नियम करणारा कपाटं रंगवत बसला होता.

त्यांनी सवयीप्रमाणे पत्रा खालचा वर केला. पत्रा कोरा होता, त्याला वर आणि खाली असं काहीच नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. काळा कालवला, हात टेकवायची काठी घेतली आणि शेवटच्या अक्षराच्या कडेपासून सुरुवात केली.

आणि हात चालला. काकूंना ठळकरावांचं अक्षर येत नव्हतं, पण त्या अक्षराच्या कडा येत होत्या. कुठे ते ब्रश दाबतात आणि कुठे उचलतात, वळणावर किती रेंगाळतात, मात्रा टोकाशी कशी उगाच मुरडतात आणि शिरोरेषेच्या शेवटी कसा फटकारा मारतात, हे त्यांच्या बोटांना त्यांच्याहून जास्त माहीत होतं. जिथे अक्षर यायचं तिथे त्या पांढरं सोडत गेल्या. मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय. नवरा रुसून गेलाय, दुकान अडलंय, आणि आपण मजेत आहोत. त्यांना अपराधी वाटलं. त्यांनी गुणगुणणं थांबवलं, पण मजा काही थांबली नाही.

गुरुवारी दिवेवाला फ्लेक्स करायला टाकतो हे सांगायला आला. सांगायचं राहूनच गेलं. त्याची नजर उलट्या पत्र्यावर पडली आणि मान आपोआप तिरपी झाली. हे काय आहे, त्याने विचारलं. अर्धवट काम आहे, काकू म्हणाल्या, त्यांच्यासाठी ठेवलंय. त्याने विचारलं, सुलटा करून बघू का. दोघांनी दोन टोकांना धरून पत्रा फिरवला आणि भिंतीला लावला.

पत्र्यावर ‘उजेड’ लिहिलेलं होतं. म्हणजे लिहिलेलं नव्हतं. पांढऱ्यावर नुसत्या काळ्या सावल्या होत्या, अक्षराची एकही रेघ नव्हती, आणि तरी तीन जाडजूड पांढरी अक्षरं दोन बोटं पुढे येऊन उभी होती. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम आधी वाचलं आणि मग बघितलं.

“हेच,” दिवेवाला म्हणाला. एका दमात, रस्त्याकडे न बघता.

“अजून अक्षर भरायचंय,” काकू म्हणाल्या.

“अक्षर आहे की.”

काकूंनी त्याला समजावून सांगितलं, की अक्षर नाही, ते तुम्हाला वाटतंय. त्याने पांढऱ्यावरून बोट फिरवून बघितलं आणि पुन्हा म्हणाला, हेच. संध्याकाळी हातगाडी घेऊन तो स्वतः आला. काळा ओला आहे, काकूंनी सांगितलं, हात लावू नका. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असतं तेव्हा त्या किती ठामपणे नाही म्हणू शकतात हे बाजाराला माहीत होतं. त्या दिवशी त्या तशा म्हणाल्या नाहीत, आणि हातगाडी बोर्ड घेऊन गेली तेव्हा आपण तसं म्हणालो नाही हे त्यांना पक्कं कळत होतं.

शुक्रवारी सकाळी ठळकराव आले. कपाटाची दारं संपली होती आणि वन्संनी बसमध्ये बसवून दिलं होतं. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी भिंतीकडे बघितलं. बोर्ड कुठंय, एवढंच विचारलं. काकूंनी सगळं सांगून टाकलं, खडूचा फसलेला ‘उ’सुद्धा. ठळकरावांनी ऐकून घेतलं. मग लाल रंगाचा डबा उचलला, जाड ब्रश खिशात खोचला, शिडी खांद्यावर घेतली.

“अर्धं काम चौकात टांगून ठेवलंस,” ते म्हणाले. “लोक काय म्हणतील, पेंटरला लाल रंग परवडला नाही?”

पुढे ठळकराव आणि शिडी, मागे काकू, अशी वरात बाजारातून निघाली. चालता चालता काकू विचार करत होत्या. यांनी अक्षर भरलं तर बोर्ड बिघडणार नाही. चांगलाच होईल, यांचे सगळे होतात तसा. हे खुलतील, संध्याकाळी खुर्च्या टाकू, दोष काढायला दुसऱ्यांचे बोर्ड आहेतच. आपण फक्त गप्प राहायचं, आणि गप्प राहायचा आपल्याला सराव आहे. चार दिवसांपूर्वी एवढंच मागणं होतं, की या माणसाने परत ब्रश उचलावा. त्याने उचलला होता. मग आता खटकतंय काय, ते त्यांना चौक आला तेव्हा कळलं. तो बोर्ड त्यांना तसाच हवा होता. स्वतःसाठी हवा होता.

दुकानापुढे बरीच माणसं जमली होती. शिडी बघून दिवेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. ठळकरावांना अडवायची त्याची छाती नव्हती, त्याने नुसतं काकूंकडे बघितलं. ठळकरावांनी शिडी लावली, हलवून बघितली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“नका भरू,” काकू म्हणाल्या.

ठळकरावांना वाटलं त्या दुसऱ्या कुणाशी बोलतायत. त्यांनी मागे वळून बघितलं.

“रंग नका भरू. बोर्ड झालाय.”

“अगं, अक्षर कुठंय त्यात?”

“आहे,” काकू म्हणाल्या. “मला कुठं अक्षर काढता येतं? मी फक्त तुमच्या अक्षराला जागा सोडली. त्या जागेत दुसऱ्या कुणाचं बसणारच नाही, त्या कागदावरचंसुद्धा नाही. वर जाऊन बघा हवं तर.”

ठळकराव वर चढले. काकूंना वर बघवेना, त्यांनी शिडीचा पाय धरून ठेवला. शेवटी त्यांनी मान वर केली. डबा शिडीला अडकवलेला होता. ठळकरावांनी कोरडा ब्रश पांढऱ्यावर टेकवला होता आणि ते तो हळूहळू फिरवत होते, रोज अक्षर काढताना फिरवत तसाच, दाबत, उचलत. ‘उ’वरून ब्रश गेला. ‘जे’वरून गेला, मात्रेशी मुरडला. कुठेच तो काळ्याला लागला नाही आणि कुठेच काळ्यापासून सुटला नाही. शेवटच्या अक्षराशी येऊन तो थांबला.

“अगं,” ठळकराव वरूनच म्हणाले. त्यांचा आवाज खालच्या लोकांना जेमतेम ऐकू गेला. “‘ड’चं पोट मी एवढं मोठं काढतो?”

“लग्न झाल्यापासून,” काकू म्हणाल्या. “मला ते आवडतं.”

ठळकरावांनी आणखी थोडा वेळ त्या पोटाकडे बघितलं. मग ते डबा न उघडताच खाली उतरले.